पाठीची शस्त्रक्रिया झालेली मुले जूनमध्ये शाळेत परततात तेव्हा : ठाणे व नवी मुंबईतील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, प्राचार्य आणि क्रीडाशिक्षक,
ठाणे व नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रातील माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये;
तसेच दोन्ही महानगरपालिकांचे शिक्षण विभाग, यांस

विषय : स्कोलिओसिसच्या (पाठीच्या कण्याला आलेल्या बाकाच्या) शस्त्रक्रियेनंतर शाळेत परतणाऱ्या विद्यार्थ्यांचे चालणे व तोल यांबाबत

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात किशोरवयीन मुलांच्या पुनर्वसनाचे काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. पाठीच्या कण्याला आलेला बाक सरळ करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुली आणि मुले माझ्याकडे येतात. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला वारंवार दिसत आली आहे आणि ती आपल्यापर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. कणा सरळ होतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर, काही तासांत. पण त्या सरळ कण्यासह चालायला, वळायला, जिना उतरायला आणि धक्का लागला तर सावरायला शिकण्यास पुढचे कित्येक महिने लागतात. हे महिने मूल रुग्णालयात काढत नाही, शाळेत काढते. म्हणून उपचाराचा हा उरलेला भाग आपल्या जिन्यांवर, वर्गांत आणि मैदानावर पार पडतो, आणि त्यासाठी आपली तयारी असावी, एवढीच माझी विनंती आहे.

ही तयारी आज बहुतेक शाळांत नसते, आणि त्यात शाळांचा दोष आहे असे मला वाटत नाही. दहा ते सोळा वर्षे वयाच्या दर शंभर मुलांमध्ये दोन-तीन जणांच्या कण्याला दहा अंशांहून अधिक बाक आढळतो, पण त्यातील बहुतेकांना नियमित तपासणीखेरीज काहीच लागत नाही. काहींना वाढीच्या वयात पट्टा, म्हणजे ब्रेस, वापरावा लागतो. बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत गेला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि इतका मोठा बाक हजारात एखाद्यालाच असतो. त्यांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे एका शाळेत असा विद्यार्थी काही वर्षांतून एकदा येतो. त्याच्यासाठी काय करायचे याची रीत पडत नाही, आणि पुढचा विद्यार्थी येईपर्यंत आधीच्या वेळचे शिक्षकही बदललेले असतात.

त्यात आपल्याकडच्या वेळापत्रकाची भर पडते. अभ्यास बुडू नये म्हणून पालक साहजिकच शस्त्रक्रियेसाठी वार्षिक परीक्षेनंतरचे दिवस निवडतात. शस्त्रक्रिया एप्रिलअखेर किंवा मेमध्ये होते, आठवडाभरात घरी सोडतात, आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी शाळेत जायला परवानगी मिळते. हा हिशेब नेमका जूनच्या मध्यावर येऊन थांबतो. तोल सर्वांत कच्चा असतो त्याच आठवड्यांत ठाण्यात पाऊस सुरू होतो, जिने ओले होतात, रस्ते खणलेले असतात आणि दप्तरात नवीन वर्षाची सगळी पुस्तके एकदम येतात. पुण्याकडे किंवा नाशिककडेही पाऊस पडतो, पण खाडीकाठच्या आपल्या शहरांत जून-जुलैत फरशी वाळतच नाही, हे आपण जाणता.

आता चालण्यात नेमके काय बदलते ते थोडे सविस्तर सांगते, कारण ते समजले की पुढच्या विनंत्या आपोआप पटतील.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळलाही जातो. शस्त्रक्रियेत पाठीमागून छेद घेऊन मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन्ही बाजूंनी धातूच्या सळ्या जोडून कणा शक्य तितका सरळ करतात आणि त्या भागातील मणके एकमेकांत जुळून एकसंध हाड व्हावे म्हणून तेथे हाडाचे तुकडे पेरतात. हे हाड पक्के व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. तोवर सळ्या आणि स्क्रू भार पेलतात. जोडलेला भाग पुन्हा कधीच वाकत किंवा वळत नाही.

चालताना उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात पुढे येतो. कंबर एका बाजूला आणि खांदे दुसऱ्या बाजूला किंचित वळतात, आणि हा पीळ बराचसा छातीच्या भागातील बारा मणक्यांत सामावला जातो. कमरेचे पाच मणके पुढे-मागे चांगले वाकतात, पण वळतात अगदी थोडे. शस्त्रक्रियेत बहुधा छातीचेच मणके जोडलेले असतात, त्यामुळे हा पीळ कमी होतो आणि त्याचे काम खुब्यांना, घोट्यांना आणि खाली मोकळ्या राहिलेल्या मणक्यांना करावे लागते. जोड कमरेत जितका खाली गेलेला असेल तितके हे मोकळे मणके कमी उरतात. ठेच लागली की आपण कमरेवरचे अंग झटकन उलट दिशेला वळवून सावरतो. या मुलांना सावरायचे तर पटकन एक पाऊल टाकावे लागते, आणि ते पाऊल वेळेवर पडण्यासाठी पाय बळकट व सरावलेले असावे लागतात. चालण्याचे मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळांतील अभ्यास सांगतात की वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांच्या चालण्याचा वेग समवयस्कांच्या जवळपास येतो. खांदे आणि कंबर यांच्यामधला पीळ मात्र कमीच राहतो. म्हणजे चालणे चांगलेच सुधारते, पण ते वेगळ्या पद्धतीचे चालणे असते आणि ते शिकावे लागते.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. डोळे, आतला कान आणि सांधे-स्नायूंतून येणारी जाणीव या तिन्हींवरून मेंदू शरीराचा तोल ठरवतो. वर्षानुवर्षे वाकड्या कण्यालाच सरळ मानण्याची त्याला सवय झालेली असते. शस्त्रक्रियेनंतर डोके, खांदे आणि कंबर यांची एकमेकांशी असलेली जागा एका दिवसात बदलते, उंचीही काही सेंटिमीटर वाढते. आरशात खांदे समपातळीत दिसत असताना मुलगी मला सांगते, “मी डावीकडे कललेय असं वाटतंय,” किंवा “माझा एक पाय लांब झालाय.” हा तिचा कांगावा नसतो. जाँ द्युबुसे या फ्रेंच शल्यविशारदांनी उभे राहण्याचे वर्णन करताना पायांपासून वर रुंदावत जाणाऱ्या एका शंकूची कल्पना मांडली आहे : शरीर या शंकूच्या आत राहते तोवर कमीत कमी श्रमांत तोल सांभाळता येतो, बाहेर गेले की स्नायूंची ओढाताण सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर मेंदूला या शंकूचा मध्य नव्याने शोधावा लागतो. त्यात आठवडे जातात, काहींना महिने लागतात, आणि या काळात ही मुले लवकर थकतात.

थकवा हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढते. माझ्या तपासणीच्या खोलीत फरशी सपाट आणि कोरडी असते, कोणी धक्का देत नाही आणि मूल बहुधा सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, आराम करून आलेले असते. तेथे ते एका पायावर उभे राहून दाखवते, आखलेल्या रेषेवर पावलापुढे पाऊल टाकून चालते, सहा मिनिटांत चांगले अंतर कापते. तीच मुलगी शाळा सुटण्याच्या वेळी भिंतीला खांदा टेकवून उभी असते, पावले आखूड पडू लागलेली असतात आणि दोन पायांमधले अंतर वाढलेले असते. हे मला दिसत नाही आणि शल्यविशारदांनाही दिसत नाही, कारण आम्ही तिला कधी शेवटच्या तासाला पाहत नाही. ते आपल्या वर्गशिक्षिकेला दिसते. म्हणून तिची नोंद आमच्यासाठी मोलाची आहे.

सर्वांत आधी जिन्याविषयी. आपल्याकडच्या शाळा तीन-चार मजली आहेत आणि लिफ्ट फार थोड्या ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी खुली असते. वर चढणे दमवणारे असते, पण धोका उतरताना असतो. उतरताना सगळा भार एका गुडघ्यावर पेलत दुसरा पाय खाली सोडावा लागतो, आणि पायरी कुठे संपते ते पाहण्यासाठी पुढे वाकावे लागते. पाठ वाकत नसल्यामुळे ही मुलगी फक्त मान खाली घालू शकते. तिला एका हाताने कठडा धरायचा असतो, पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की कठड्याच्या बाजूनेच मुलांचा लोंढा धावत खाली येतो. मागून मैत्रिणीने हाक मारली तर ती नुसती मागे वळून पाहू शकत नाही. तिला थांबून, पावले फिरवून सगळे अंगच वळवावे लागते. जिन्याच्या मधोमध हे किती अवघड आहे याची आपण कल्पना करू शकता.

म्हणून अशा विद्यार्थ्याची तुकडी निदान पहिल्या सत्रात तळमजल्यावर असावी. एकट्या विद्यार्थ्याला खाली बसवून तुकडी वर ठेवू नये, सबंध तुकडीच खाली आणावी. हे शक्य नसेल तर मधली सुट्टी आणि शाळा सुटणे या दोन्ही वेळी त्याला पाच मिनिटे आधी सोडावे. सोबत एक मित्र दप्तर घेऊन असावा आणि पहिल्या काही आठवड्यांत शाळेतील मावशी किंवा शिपाईदादा उतरताना त्याच्या एक पायरी खाली, बाजूने चालावेत. हात धरून ओढण्याची गरज नाही. कठडा धरून त्याला स्वतःलाच उतरू द्यावे, कारण शिकायचे तेच आहे.

पावसाळ्यात दारापाशी चिखल पुसायला आपण गोणपाट टाकतो. गुळगुळीत फरशीवर ते पायाखालून सरकते आणि त्याच्या दुमडलेल्या कडेत चपलेचे टोक अडकते. मला भेटलेल्या मुलांपैकी काही जण पडता पडता वाचले ते नेमके अशा जागी. त्याऐवजी तळाला रबर असलेली जड चटई टाकावी, आणि पाणी साचणाऱ्या व्हरांड्याची एक बाजू तरी दर तासाला पुसून कोरडी ठेवावी. याचा फायदा सगळ्यांनाच होईल. छत्रीने एक हात अडकतो आणि वाऱ्याने छत्री ओढली गेली की तोलही जातो, म्हणून आम्ही रेनकोट सुचवतो. पण रेनकोटच्या टोपीमुळे बाजूचे दिसत नाही आणि या मुलांना कंबर वळवून पाहता येत नाही, तेव्हा शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना पहिले काही महिने कोणी मोठे माणूस जवळ असावे. घोडबंदर रस्त्याच्या सेवामार्गावरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक काय किंवा वाशी-नेरुळच्या पदपथांवरची गटारांची वर आलेली झाकणे काय, महापालिकेने निदान शाळांच्या प्रवेशद्वारापासून बस थांब्यापर्यंतचा पट्टा मे महिन्यातच समतल करून द्यावा, अशी शिक्षण विभागांमार्फत माझी आग्रहाची विनंती आहे.

दप्तराबाबत फार लिहीत नाही. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, आणि ते धडधाकट मुलांसाठी आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने दप्तर उचलूच नये, असे शल्यविशारद सहसा सांगतात. पुस्तकांचा एक संच वर्गात ठेवू दिला की प्रश्न मिटतो. बसण्याची जागा फळ्याच्या अगदी समोर आणि बाकाच्या कडेला द्यावी, म्हणजे अंग न वळवता दिसते आणि उठताना कोणाला ओलांडावे लागत नाही. परिपाठाला सबंध वेळ उभे राहण्याची सक्ती नसावी.

खेळाच्या तासाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण तेथे दोन टोकाच्या चुका होतात. एखाद्या शाळेत क्रीडाशिक्षकांना शस्त्रक्रियेची माहितीच नसते. बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते : प्रमाणपत्रावर “खेळ बंद” असे वाचले जाते, विद्यार्थ्याला दहावीपर्यंत कायमची सूट मिळते आणि तो प्रत्येक खेळाच्या तासाला इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतो. यामागे काळजीच असते, हे मी जाणते. त्यामागे जुनी समजूतही असते. १९६० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद पॉल हॅरिंग्टन यांच्या सळ्यांनी या शस्त्रक्रियेला नवे वळण दिले, पण तेव्हा रुग्णांना नंतर अनेक महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे आणि दीर्घकाळ झोपून काढावे लागे. आजच्या स्क्रू-सळ्यांच्या पद्धतीत मूल बहुधा दुसऱ्या दिवशी उठून उभे राहते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत चालते. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनातील चित्र मात्र अजून जुनेच आहे, आणि “जपून राहा, हलू नकोस” हे वाक्य ही मुले दिवसभर ऐकत असतात.

तोल हा वापरल्याशिवाय सुधारत नाही. जे मूल पडण्याच्या भीतीने हालचालच टाळते त्याचे खुबे आणि पाय दुबळे होतात, पावले आखूड होतात, हात अंगाला चिकटून राहतात, आणि मग ते खरोखरच पडण्याची शक्यता वाढते. म्हणून सूट देताना “काय करू नये” याबरोबर “काय करावे” हेही ठरवावे. सुरुवातीला मैदानाच्या कडेने सपाट जमिनीवर चालणे पुरेसे आहे, दर आठवड्याला थोडे वाढवत. शल्यविशारदांनी परवानगी दिली की कबड्डीच्या मैदानाच्या आखलेल्या रेषा उत्तम उपयोगी पडतात : रेषेवर टाचेला चवडा लावून चालणे, चालता चालता शिक्षकांनी सांगितलेल्या बाजूला डोके वळवणे, रेषेपाशी थांबून पावले फिरवत वळणे, चेंडू पकडत एका पायावर उभे राहणे. साधारण तीन ते सहा महिन्यांत पोहणे आणि हलके धावणे सुरू होऊ शकते. खुद्द कबड्डी, खो-खो आणि लेझीम सर्वांत शेवटी. खो-खोत बसल्या जागेवरून उसळून उठावे लागते, लेझीमला वाकणे आणि वळणे दोन्ही लागते, कबड्डीत तर थेट झोंबाझोंबीच असते. त्यांची परवानगी सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत केव्हाही मिळू शकते आणि ती प्रत्येक मुलाची वेगळी असते. हा निर्णय शल्यविशारदांचाच. पण वर्ष उलटल्यावर ही मुले पुन्हा मैदानात उतरतात, हे क्रीडाशिक्षकांनी पहिल्या दिवसापासून मनात ठेवले तर त्यांच्या बोलण्याचा सूरच बदलेल.

वर्गातील इतर मुलांशीही बोलावे लागेल. “काठी गिळल्यासारखी चालते”, “रोबोट” ही नावे मी मुलींच्या तोंडून, रडत सांगताना ऐकली आहेत. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती मुलगी मुद्दाम सैल, वाकून चालण्याचा प्रयत्न करते आणि सगळा सराव वाया जातो. वर्गशिक्षिकेने विद्यार्थिनीच्या आणि पालकांच्या संमतीने, ती शाळेत येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाला पाच मिनिटे नीट सांगितले तर हे बरेचसे टळते. पाठीवरचा व्रण पाहण्याची कोणीही इच्छा व्यक्त करू नये, मग ते शिक्षक का असेनात.

कनिष्ठ महाविद्यालयांसाठी एक वेगळी गोष्ट. ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे येथून ठाण्याला ट्रान्सहार्बर मार्गाने येणाऱ्या विद्यार्थ्यांना गर्दीच्या वेळची लोकल टाळता यावी, यासाठी पहिले तीन-चार महिने पहिल्या तासाच्या हजेरीत सवलत द्यावी. फलाटावरच्या आणि दारातल्या रेटारेटीत तोल सांभाळणे त्यांना या काळात जमणार नाही. प्रवास बसने असेल तर बसायला जागा मिळणे गरजेचे आहे, कारण ब्रेक लागला की उभ्या माणसाला कंबरेतूनच सावरावे लागते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसल्यावर वाट पाहत बसू नये. आधी नीट चालणारा विद्यार्थी एक पाय ओढू लागला, वारंवार अडखळू लागला, पायांत नव्याने बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, जखमेतून पाणी येऊ लागले, ताप आला किंवा तो पडला आणि पाठीत एकदम जोराची कळ आली, तर त्याच दिवशी पालकांना बोलावून रुग्णालयाशी संपर्क साधायला सांगावे. साधे घसरून पडल्याने सळ्या निखळतातच असे नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण कळवणे चुकवूही नये, आणि “रागावतील” म्हणून मूल पडल्याचे लपवणार नाही इतका विश्वास त्याला शाळेत वाटावा. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) किंवा स्नायूंचा आजार यांमुळे ज्यांचा कणा वाकलेला असतो त्यांच्या गरजा याहून वेगळ्या आणि जास्त असतात. त्यांच्याबाबत उपचार करणाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे.

हे सगळे जमण्यासाठी रुग्णालय आणि शाळा यांच्यामध्ये एक कागद फिरणे आवश्यक आहे. डिस्चार्ज कार्ड शाळेच्या उपयोगाचे नसते. पालकांकडून शल्यविशारदांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सहीचे एक पान मागवावे : कोणते मणके जोडले आहेत, किती वजन चालेल, मैदानावर आज काय चालेल आणि पुढची तपासणी केव्हा आहे. दर तपासणीच्या आधी त्याच पानाच्या मागे वर्गशिक्षिकेने चार ओळी लिहाव्यात : जिना कसा उतरतो, शेवटच्या तासाला कसा दिसतो, पडला होता का, मुलांत मिसळतो का. दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांनी या पानाचा एक नमुना तयार करून सर्व शाळांना दिला, तर काही वर्षांतून एकदाच असा विद्यार्थी येणाऱ्या शाळेलाही दर वेळी नव्याने विचार करावा लागणार नाही. असा नमुना तयार करायला मी आणि माझे सहकारी विनामोबदला मदत करू.

शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज शाळेकडे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतो. जूनपर्यंत वर्गखोल्या आणि वेळापत्रक ठरून गेलेले असते आणि मग एका तुकडीचा मजला बदलणे कोणालाच सोयीचे नसते. म्हणून अर्ज हाती येईल त्याच आठवड्यात पालकांना बोलावून घ्यावे आणि त्या तुकडीची खोली तळमजल्यावर लावून टाकावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
नौपाडा, ठाणे